उतराईचे वाङ्मय
(जुन्नर-आंबेगावच्या दानलेखांच्या निमित्ताने)

समारंभ आटोपत आला की सूत्रसंचालक आभारप्रदर्शनासाठी कुणाला तरी व्यासपीठावर पाचारण करतो आणि नेमक्या त्याच क्षणी सभागृहातल्या खुर्च्या वाजू लागतात. बोलणारा घाईत असतो, ऐकणारे उठण्याच्या तयारीत असतात. ‘ज्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष साहाय्य केले त्या सर्वांचे’ असे म्हणून एक मोठे जाळे पसरले जाते. त्यात सगळेच येतात, म्हणून कुणीच येत नाही. आपल्या घरच्या सायंप्रार्थनेचेही पुष्कळदा असेच होते. रोझरी संपते, ‘दिलेल्या सर्व दानांबद्दल’ एक वाक्य उच्चारले जाते आणि ताटे मांडली जातात. त्या वाक्यात खोटे काहीच नसते. पण खरे काय, तेही त्यात सापडत नाही.

हा दोष केवळ भक्तीच्या उणिवेचा नाही. माझ्या मते तो बऱ्याच अंशी भाषेचा दोष आहे. उपकारस्तुती हाही एक वाङ्मयप्रकार आहे. त्याला बरीवाईट शैली असते, त्यात साचेबंदपणा शिरतो, त्यात अतिशयोक्ती आणि आत्मस्तुतीही डोकावते. म्हणून एखाद्या कवितेची चिकित्सा करावी तशी त्याचीही करण्यास हरकत नसावी. प्रस्तुत लेखाचा तोच प्रयत्न आहे. त्यासाठी मी फार दूर जाणार नाही. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत दगडावर, बैलाच्या खांद्यावर आणि धरणाच्या पाण्यावर लिहिलेले जे आभार आहेत, तेच येथे वाचावयाचे आहेत.

जुन्नर गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या डोंगरांच्या कुशीत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी ती कोरली गेली. अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे दर्शन घेण्यासाठी लेण्याद्रीच्या पायऱ्या चढणाऱ्यांपैकी फारच थोडे लोक शेजारच्या चैत्यगृहातील ब्राह्मी ओळीकडे पाहतात. त्या ओळीत कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याने हे चैत्यगृह दान दिल्याचे नमूद आहे. इतकेच. गाव, बापाचे नाव, स्वतःचे नाव, दिलेली वस्तू. या डोंगरांत अशा बऱ्याच ओळी आहेत. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दिली. इरिल नावाच्या एका यवनाने पाण्याच्या दोन पोढी दिल्या. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. कुणी भिक्षूंच्या निर्वाहासाठी जमीन दिली, तर ती कोठली, हे कळावे म्हणून वडाच्या आणि करंजाच्या झाडाची खूण सांगितली. पोढी म्हणजे कातळात खोदलेले पाण्याचे टाके. उन्हाळ्यात या उघड्या डोंगरावर चढून गेलेल्या माणसाला त्या शब्दाचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

या लेखांची शैली पाहावी. त्यांत एकही विशेषण नाही म्हटले तरी चालेल. ‘अथांग’, ‘अपार’, ‘शब्दातीत’ असे काहीही नाही. दिलेली वस्तू मोजता येते, तिला हात लावता येतो, तिच्यातले पाणी पिता येते. देणाऱ्याचे नाव आहे आणि ज्याच्यासाठी दिले तो संघही डोळ्यांसमोर आहे. कोण, काय, कोणासाठी, कोठे, या चार प्रश्नांची उत्तरे एका ओळीत मिळतात. ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ या जाळ्याच्या अगदी उलट अशी ही रीत आहे. सुलसदत्ताच्या भावना काय होत्या, हे त्याने सांगितलेले नाही. त्याने एक जागा करून ठेवली, आणि आज आपण तिच्यात उभे राहू शकतो.

याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला नाणेघाट आहे. कोकणातील बंदरांतून वर येणारा व्यापार याच घाटाने जुन्नरला पोहोचत असे. तेथील गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा मोठा लेख आहे. अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि त्या त्या यज्ञात दिलेली दक्षिणा यांची ती यादी आहे. गाई, हत्ती, घोडे, रथ, रुप्याची भांडी, कार्षापण नाणी, आणि आकडे शेकड्यांनी व हजारांनी. इतिहासकाराच्या दृष्टीने हा लेख अनमोल आहे. परंतु वाङ्मय म्हणून तो वाचताना दहाव्या हजारानंतर मन थकते. हजारो गाई आपल्याला दिसत नाहीत. इरिलाच्या दोन पोढी मात्र दिसतात. राजलेख दात्याचे वैभव सांगतो, कारागिराचा आणि व्यापाऱ्याचा लेख वस्तूचे अस्तित्व सांगतो. कृतज्ञतेचे लेखन संख्येने मोठे होत नाही, हा पहिला धडा मला या दोन लेखांच्या तुलनेतून मिळतो.

अलीकडे रोज रात्री कृतज्ञतेची वही लिहिण्याचा प्रघात पडला आहे. आपल्याही धर्मग्रामांतील तरुण मंडळी अशा वह्या ठेवतात. ही कल्पना उथळ म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मकलॉ यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आपल्याला लाभलेल्या गोष्टी नियमाने लिहिणाऱ्यांचे मन अधिक प्रसन्न राहिल्याचे दिसले. पण २००५ साली सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले निरीक्षण आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना लाभ झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना तो झाला नाही. यादी वाढली की ती नाणेघाटच्या लेखासारखी होऊ लागते, असे मला यावरून वाटते. मीही एक वही ठेवली होती. पहिल्या आठवड्यात तिच्यात माणसे होती. महिन्याभराने ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ एवढे तीन शब्द उरले, आणि तेही रोज त्याच क्रमाने. वही मी बंद केली तेव्हा माझी कृतज्ञता संपली नव्हती. तिची भाषा संपली होती.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. जुन्नरचे लेख आभाराचे नाहीत, ते दानाचे आहेत. दाता पुण्याची अपेक्षा ठेवून देतो आणि आपले नाव दगडात कोरून घेतो. मग त्यांना कृतज्ञतेचे वाङ्मय कसे म्हणावे? आक्षेप रास्त आहे. पण आपली मराठी येथे मदतीला येते. ‘आभार’ या शब्दात भार आहे. उपकाराखाली वाकलेल्या माणसाला आपण मिंधा म्हणतो. तो भार उतरवणे म्हणजे उतराई होणे, आणि आईबापांचे पांग बोलून नव्हे, करून फेडावे लागतात. खेड्यातला मनुष्य सहसा ‘आभारी आहे’ असे म्हणत नाही. शेजारी आज त्याच्या लावणीला आला, तर उद्या तो शेजाऱ्याच्या लावणीला जातो. याला सावड म्हणतात. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासींनी डोंगरउतारावर अशाच एकत्र श्रमांतून भातखाचरे तयार केली, तिला पडकई हे नाव आहे. या जगात घेतलेले परत करणे हीच आभाराची भाषा आहे. तेव्हा ज्याला काही मिळाले आणि म्हणून ज्याने पाण्याचे टाके खोदून दिले, त्याचा लेख आपल्या विषयाच्या बाहेर राहत नाही.

कृतीतल्या या भाषेचा सर्वांत देखणा नमुना बैलपोळ्याच्या आदल्या दिवशी पाहावा. उत्तर पुणे जिल्ह्यात अनेक गावांत पोळा श्रावणात नव्हे, भाद्रपदाच्या अमावास्येला येतो. आदल्या दिवशी खांदेमळणी होते. शेतकरी बैलाच्या खांद्याला हळद आणि तूप किंवा तेल लावून तो चोळतो. शिंगे रंगवणे, झूल घालणे, मिरवणूक, पुरणपोळीचा घास हे सगळे दुसऱ्या दिवशी. पण आरंभ कोठून होतो, हे महत्त्वाचे. वर्षभर जू जेथे टेकले, जेथे कातडे निबर झाले, नेमक्या त्याच जागी हात जातो. मोघम कौतुक तेथे नाही. आपल्यासाठी ज्याने सोसले, ते त्याने कोठे सोसले, हे जाणणारी ती कृतज्ञता आहे. आता ट्रॅक्टरमुळे बैल कमी झाले. परंतु आपल्या घरातल्या माणसाच्या खांद्यावरची निबर जागा कोणती, हा प्रश्न ट्रॅक्टरने सुटत नाही. आईचे आभार मानताना ‘तू सगळ्यांसाठी खूप केलेस’ असे म्हणणे आणि पहाटेच्या पहिल्या मिस्सेला जाण्यापूर्वी तिने किती वर्षे डबे भरले, ते आठवून सांगणे यांत मिरवणूक आणि खांदेमळणी यांच्यातले अंतर आहे.

कल्याण-नगर रस्त्यावरच्या आळे गावी रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी पैठण येथे ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा पुढील प्रवासात येथे गतप्राण झाला आणि ज्ञानेश्वरांनीच त्याला समाधी दिली, अशी श्रद्धा आहे. इतिहासाचा काटेकोर पुरावा मागण्याची ही जागा नव्हे. कथेची रचना मात्र समीक्षकाने पाहण्यासारखी आहे. चमत्कार पैठणला झाला, विद्वानांची सभा तेथे होती, वाहवाही तेथेच झाली. कथा तेथे संपली असती, तर रेडा हे केवळ एक साधन ठरले असते. लोकमनाने ती तेथे संपू दिली नाही. काम झाल्यावरही तो रेडा भावंडांबरोबर चालत राहिला आणि त्याच्यासाठी एक गाव थांबले. हिणकस मानल्या गेलेल्या जनावराला संताच्या तोलाची समाधी देऊन त्या गावाने जणू म्हटले आहे की, आमच्या वाणीसाठी ज्याचे मुख वापरले गेले, त्याला आम्ही विसरत नाही. साधन म्हणून वापरलेल्याला व्यक्ती म्हणून आठवणे ही कृतज्ञतेची दुसरी कसोटी मानावी लागेल.

आता आपल्या पवित्र शास्त्राकडे वळू. लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोगी बरे होतात आणि एकच परत येतो. तो शोमरोनी असतो, आणि तो परका असल्याचा उल्लेख प्रभू मुद्दाम करतो. या प्रसंगावर आपण असंख्य प्रवचने ऐकली आहेत. मला मात्र येथे इरिल यवन आठवतो. आणि आणखी एक परका आठवतो. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून क्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली प्रसिद्ध झाले. त्यातली मराठीची स्तुती प्रसिद्ध आहे. तीतही रीत तीच आहे. ‘महान भाषा’ असे मोघम न म्हणता त्यांनी फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष अशा या मातीतल्या वस्तूंची रांग मांडली आणि प्रत्येक रांगेत मराठीचे स्थान दाखवले. या भाषेत जन्मलेल्या आपल्याला ती हक्काची वाटते. त्यांना ती मिळालेली होती. परक्याला काहीच गृहीत धरता येत नाही, म्हणून त्याची नजर ताजी असते. नऊ जणांना आपले बरे होणे कदाचित न्याय्यच वाटले असेल.

पण लूकच्याच शुभवर्तमानात, पुढच्याच अध्यायात, आभाराची आणखी एक प्रार्थना आहे आणि ती नापास होते. मंदिरात उभा राहिलेला परूशी देवाचे आभारच मानतो. आपण इतरांसारखे नाही, त्या जकातदारासारखे नाही, याबद्दल. प्रार्थनेचे शब्द कृतज्ञतेचे आणि गाभा तुलनेचा. हा धोका आपल्याला वाटतो तितका दूरचा नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्या दिवशी बातमी पाहून आपल्यापैकी किती जणांच्या मनात पहिला विचार ‘देवा, आम्ही सुखरूप आहोत’ हा आला असेल? तो मानवी आहे, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण तो तेथेच थांबला, तर दुसऱ्याच्या मरणाच्या मापाने आपले सुख मोजणे होते. गाव जागेवर नाही हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आले ते एसटीच्या चालकाच्या. त्याने ती खबर पोहोचवली. सुखरूप असणाऱ्याने करावयाचे पहिले काम तेच होते.

यापेक्षाही अवघड प्रश्न एकशे छत्तिसावे स्तोत्र उभा करते. उपकारस्तुतीचा तो आदर्श नमुना आहे. प्रत्येक ओळीनंतर देवाच्या चिरंतन दयेचे पालुपद येते आणि सृष्टीच्या निर्मितीपासून सर्व जिवांच्या अन्नापर्यंत एकेक उपकार नावानिशी मोजला जातो. मात्र मध्यावर त्या यादीत राजांचा वध येतो आणि त्यांचा प्रदेश इस्राएलला वतन म्हणून मिळाल्याबद्दलही आभार मानले जातात. तेथे अडखळल्याशिवाय पुढे जाणारा वाचक मला पुरता जागा वाटत नाही. आपल्याला मिळालेली भूमी कुणाच्या तरी पायाखालून निघालेली असते.

आंबेगावात हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. ज्या आंबेगाव गावामुळे तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो आणि नाव पाण्याखालच्या गावाचे चालते. त्याच पाण्यावर खालच्या भागात ऊस, द्राक्षे, टोमॅटो आणि भाजीपाला उभा राहिला. वरच्या खोऱ्यातल्या आदिवासी कुटुंबांची भातखाचरे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडकईतून झालेली, त्या पाण्यात गेली. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव आहे. याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत विदेशी कापडाने भरलेली मोटार अडवताना चिरडला गेला. हे नाव देणे उचितच झाले. ती तालुक्याची सार्वजनिक उतराई आहे. परंतु एका हुतात्म्याचे नाव ज्या पाण्यावर लिहिले, त्याच्या तळाशी असलेल्या घरांची नावे कोणत्या दगडावर आहेत?

शहरात किंवा बागायती गावात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी जेवणापूर्वी अन्नाबद्दल आभार मानले, तर ते आभार खरे होण्यासाठी या प्रश्नापर्यंत जावे लागते. ज्याने गमावले, त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा करणे तर क्रूरपणाच ठरेल. विस्थापिताला जमीन मिळाली, तर तो त्याचा हक्क असतो, कुणाचा उपकार नव्हे. हक्काच्या जागी उपकाराची भाषा वापरली की कृतज्ञता हे बलवानाच्या हातातले हत्यार बनते. म्हणून तिसरी कसोटी अशी: माझ्या आभारात, ज्याच्या नुकसानीवर माझा लाभ उभा आहे, त्याला जागा आहे काय?

मग रोजच्या व्यवहारात काय करावे? संत इग्नेशियस यांनी ‘आध्यात्मिक साधना’ या १५४८ साली मान्यता मिळालेल्या ग्रंथात दैनंदिन आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. त्यातली पहिली पायरी मिळालेल्या उपकारांबद्दल देवाचे आभार मानण्याची आहे. पण तेथे थांबावयाचे नाही. प्रकाश मागावयाचा, दिवसाचा हिशेब पाहावयाचा, क्षमा मागावयाची आणि सुधारणेचा निश्चय करावयाचा. आभार हा येथे समारोप नाही, आरंभ आहे. आपल्या सभांमध्ये तो शेवटी येतो म्हणूनच कदाचित खुर्च्या वाजतात. माझ्या वहीचेही हेच चुकले होते. तीन शब्द लिहून मी दिवा मालवत असे. त्या शब्दांनी माझ्याकडे काही मागावे, अशी सोयच मी ठेवली नव्हती.

आता मी वही पुन्हा उघडली आहे, पण आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री. एकच नोंद. दानलेखाच्या धर्तीवर: कोणी, काय, कोणासाठी, कोठे. विशेषण शक्यतो नाही. त्याखाली दुसरी ओळ: यासाठी त्याच्या खांद्यावर कोठे भार पडला. आणि तिसरी: मी काय परत करणार. ही तिसरी ओळ बहुतेक वेळा रिकामी राहते, हे कबूल करतो. तरीही ती रिकामी जागा मला ‘आरोग्य, कुटुंब, नोकरी’ या भरलेल्या ओळीपेक्षा अधिक उपकारक वाटते. रविवारी सकाळी ती बरोबर घेऊन मी मिस्सेला जातो.

कारण ‘युखरिस्त’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच उपकारस्तुती असा आहे, आणि त्या स्तुतीचा क्रम आपण दर रविवारी ऐकतो. भाकर घेतली, आभार मानले, भाकर मोडली, दिली. घेणे आणि मोडणे यांच्या मध्ये आभार आहेत. घेतल्यावर आभार मानून भाकर तशीच ठेवून दिली, असे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही. इरिलाने पोढी खोदून दिली, त्या गोष्टीला दोन हजार वर्षे होत आली. त्याला स्वतःला काय मिळाले होते, हे त्याने लिहून ठेवले नाही. त्याने पाण्याची जागा मात्र लिहून ठेवली.